दोन जावा आणि एक बाहुली

थोरलीच्या पाळणाघरात पोर सोडायचं तर आधी आईची झडती व्हायची. दार उघडायचं ते अर्धंच. उरलेल्या अर्ध्यात थोरली स्वतः उभी. पोराला हात लावायच्या आधी ती पिशवी ओढून घ्यायची आणि तिथंच उंबऱ्यावर खटला सुरू व्हायचा.

“लंगोट दोनच?”

“संध्याकाळपर्यंत पुरतील असं वाटलं...”

“तुला वाटलं. पोर काय तुझ्या वाटण्यावर मुततं? आणि हा खोकला कधीचा?”

“कालपासून जरासा...”

“जरासा तुला. त्याच्या छातीत बैलगाडी चाललीय, मला इथवर ऐकू येतीय. औषध दिलंस का नुसतीच पावडर फासून आणलंस?”

आईचं तोंड एवढंसं व्हायचं. मग थोरली पोर हिसकल्यासारखं घ्यायची, खांद्यावर टाकायची, आणि घरापासून गल्लीच्या टोकापर्यंत भोकाड पसरत आलेलं ते कार्टं तिच्या खांद्यावर पडल्या पडल्या गपगार व्हायचं. हे एवढंच तिच्यापाशी होतं, पण ते दुसऱ्या कुणापाशी नव्हतं. आया तिच्या शिव्या खायच्या, बसमध्ये बसल्यावर एकमेकींपाशी तिच्या नावानं बोटं मोडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत जास्तीचे लंगोट कोंबून परत यायच्या.

बाई अंगानं कपाटासारखी. बापाच्या घरी ती सगळ्यांत थोरली, सासरीही थोरली, त्यामुळे ‘थोरली’ हेच नाव पडलं आणि खरं नाव सांगायची वेळ फक्त कचेरीत यायची. तिच्या आईनं पोरं जन्माला घालायची आणि हिनं ती कडेवर घ्यायची, अशी त्या घरात वाटणी होती. कडेवर पोर घेऊन वर्गात बसू देत नाहीत म्हणून हिची शाळा सुटली. तेव्हापासून शाळा, फळा, आणि समोर उभं राहून शिकवणारं माणूस या तिन्हींशी तिचं वाकडं. “मला शिकवणारी अजून जन्माला यायचीय,” असं ती म्हणायची, आणि कुणी जन्माला आलीच तर तिला पाळण्यातच गप्प करण्याची तिची तयारी होती.

स्वतःची पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली, तेव्हा रस्त्याला लागून असलेल्या पुढच्या खोलीत तिनं पाळणाघर थाटलं. भिंतींना निम्म्यापर्यंत गडद हिरवा रंग, म्हणजे पोरांच्या हातांचे डाग दिसायला नकोत. खिडकीला बारीक जाळी. ओळीनं गाद्या, भिंतीला खुंट्या, खुंट्यांना पिशव्या. खोलीला कायम फिनेलचा आणि उतू गेलेल्या दुधाचा वास. आणि दाराच्या वर, आत आलेल्या माणसाला पहिल्यांदा दिसावीत अशी, चौकटीत बसवलेली सर्टिफिकेटं. बालसंगोपन. प्रथमोपचार. उजळणी वर्ग. पुन्हा उजळणी वर्ग. सगळ्यांवर थोरलीचं खरं नाव, ठसठशीत.

त्यातल्या एकाही वर्गाला ती गेलेली नव्हती.

जायची ती धाकटी. म्हणजे थोरलीच्या धाकट्या दिराची बायको. दीर मालट्रकवर, घरी पाहुण्यासारखा यायचा. धाकटी मागच्या दोन खोल्यांत राहायची आणि पाळणाघरात राबायची. बाटल्या उकळणं, गाद्या वाळवणं, फरशी पुसणं तिच्याकडं. अंगानं काटकी, दहावी झालेली. थोरलीसारखा आवाज ती कधी चढवायची नाही. हळू बोलायची आणि नेमकं दुखेल तिथं बोलायची. पोरं मात्र तिच्याकडं टिकत नसत. तिनं घेतलं की कमानीसारखं अंग मागं टाकून रडायची. याचा थोरलीला फार आनंद होता.

पाळणाघराचं लायसन मुदतीचं असतं. मुदत संपत आली की उजळणी वर्ग करायचा, त्याचं सर्टिफिकेट जोडायचं, मग पुढच्या मुदतीची सही मिळते. पहिल्यांदा कचेरीतून निरोप आला तेव्हा थोरलीनं सरळ सांगितलं, “तू जा. माझं नाव सांग.”

“आणि विचारलं तर?”

“काय विचारतील? आडनाव एकच, पत्ता एकच. तिथं काय तुझा मुका घ्यायला बसलेत?”

कुणी विचारलं नाही. धाकटी दिवसभर पंख्याखाली बसली, फुकटचा चहा प्याली, सगळं ऐकलं, आणि थोरलीच्या नावाचं सर्टिफिकेट घेऊन घरी आली. पहिल्यांदा तिला मजाच वाटली. दुसऱ्यांदा ती वही घेऊन गेली. तिसऱ्यांदा शिकवणाऱ्या बाईंनी तिचं सगळ्यांपुढं कौतुक केलं, तेही थोरलीच्या नावानं. त्या दिवशी ती घरी आली ती ओठ आवळून.

कारण घरात निराळंच नाटक सुरू झालं होतं. वर्गात सांगितलेलं, की तान्ह्या पोराला झोपवताना उताणं झोपवायचं, उशी नको, जाड पांघरूण नको. थोरली पोरांना पालथी झोपवायची. तिच्या हाताखालनं गेलेलं प्रत्येक पोर पालथंच झोपलं होतं. धाकटी दुपारी ओळीनं सगळी पोरं उताणी करायची. थोरली दोन घास गिळून यायची आणि ओळीनं सगळी पालथी करायची. मग धाकटी पुन्हा. पोरं बिचारी झोपेतच कुरकुरत कूस बदलायची आणि एखादं उठून दोघींच्या नावानं टाहो फोडायचं.

“जाऊबाई, उताणं झोपवायचं असतं. पालथ्या पोराचा श्वास कोंडतो.”

“कुणी सांगितलं?”

“ट्रेनिंगमध्ये.”

“ट्रेनिंग कुणाचं झालंय?” थोरली दाराकडं बोट दाखवायची. “वाच. वाचता येतं ना तुला? नाव कुणाचं आहे?”

आता यावर धाकटी काय बोलणार? गेली होती ती, शिकली होती ती, पण भिंत साक्षीला थोरलीच्या बाजूनं उभी होती. बरं, थोरली हे नुसतं वादासाठी म्हणत असती तरी समजलं असतं. पण दोन-तीन चौकटी टांगल्यावर तिला खरंच वाटायला लागलं की आपलं शिक्षण झालेलं आहे. नव्या आया आल्या की ती सांगायची, “मी सगळे कोर्स केलेत. आमच्या शिकवणाऱ्या बाई तर म्हणतात, तुमच्यासारखी बाई बघितली नाही.” शेजारी फडकं घेऊन उभी असलेली धाकटी हे ऐकायची आणि तेच फडकं इतकं पिळायची की त्याचा दोरा दोरा सुटावा.

थोरलीच्या बाजूनं एक गोष्ट मात्र खरी होती. एकदा एका पोरानं सदऱ्याचं बटण गिळलं. ते घशात अडकलं, पोर निळं पडलं. थोरलीनं त्याला दोन्ही पायांनी धरून उलटं टांगलं, पाठीत दणका घातला, तोंडात बोट खुपसलं आणि बटण बाहेर काढलं. अख्ख्या गल्लीला ते ठाऊक होतं, कारण अख्ख्या गल्लीला तिनंच ते सांगितलं होतं. ते पोर आता मिसरूड फुटलेलं, आणि ते दिसलं की ती कुणालाही अडवून दाखवायची. “हे बघ. हे माझं सर्टिफिकेट. चालतंय बोलतंय.”

असं सगळं चाललेलं असताना लायसनची मुदत पुन्हा संपत आली आणि कचेरीची तपासणीस बाई एक दिवस दारात उभी राहिली. तिनं खोली बघितली, जाळी हलवून बघितली, नळाचं पाणी बघितलं, आणि जाता जाता म्हणाली, “या वेळी नियम बदललाय. नुसतं बसून सर्टिफिकेट नाही. प्रत्येकीनं बाहुलीवर स्वतः करून दाखवायचं. फोटो ओळखपत्राशी ताडून बघणार. पोरांना हात लावणाऱ्या प्रत्येकीनं यायचं, दोघींनीही.”

“आणि नाही जमलं तर?” हे धाकटीनं विचारलं.

“लायसन ज्यांच्या नावावर आहे त्या नापास झाल्या, तर लायसन थांबणार. घरातली दुसरी कुणी पास असेल तर तिच्या नावानं अर्ज करता येतो. नाहीतर पाळणाघर बंद.”

तपासणीस गेली. दोघी खोलीच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या. मधे पोरं पडलेली, काही उताणी, काही पालथी.

“जाईन की मी,” थोरली म्हणाली. “बाहुलीच तर आहे. खरी पोरं वाढवलीत मी.”

“जावा की,” धाकटी म्हणाली.

थोरलीच्या नवऱ्यानं रात्री जेवताना चुकून तोंड उघडलं. “अगं, तिला विचारून घे ना काय काय असतं ते. एवढ्या वेळा जाऊन आलीय.”

“कुणाला?”

“धाकटीला.”

“तुम्ही भात संपवा.”

त्यानं भात संपवला. लग्न झाल्यापासून तो या घरात भात संपवूनच टिकला होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी धाकटीनंच विषय काढला. ती बाटल्या उकळत होती, थोरली एका पोराला थोपटत होती.

“जाऊबाई, पोराच्या घशात काही अडकलं तर काय करायचं ते दाखवायला लावतात म्हणे.”

“लावू दे.”

“शिकवू का?”

“तू? मला?”

“एकदा नुसतं ‘शिकव’ म्हणा. बाकी काही नको मला. तोंडानं म्हणायचं मात्र.”

“त्यापेक्षा पाळणाघराला कुलूप लागलेलं परवडलं.”

“लागेल की,” धाकटी म्हणाली आणि चिमट्यानं एकेक बाटली बाहेर काढून ठेवू लागली, काचेला काच लागू न देता.

दुसऱ्या दिवशी पाळणाघर बंद ठेवून दोघी एकाच बसनं गेल्या. एक पुढच्या दारानं चढली, एक मागच्या. हॉल लांबलचक, लोखंडी खुर्च्या, पंखे घरघरणारे. गावभरच्या पाळणाघरांतल्या बायका आलेल्या. समोर टेबलावर रबराच्या बाहुल्या, तान्ह्या पोराएवढ्या, टक्कल पडलेल्या, तोंड उघडं टाकलेल्या. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात शिट्टी. कुणी चुकलं की त्या शिट्टी वाजवायच्या, म्हणून बायका त्यांना मागनं शिट्टीबाई म्हणायच्या.

शिट्टीबाई दारातच धाकटीला बघून हसल्या. “या, या! मागच्या वेळी सगळ्यांत पुढं बसला होतात. काय म्हणतंय पाळणाघर?” आणि त्यांनी थोरलीचं नाव घेऊन हजेरीत खूण करायला पेन टेकवलं. मग ओळखपत्र बघितलं आणि पेन उचललं. “नाव निराळं कसं?”

धाकटी गोड आवाजात म्हणाली, “त्या नावाच्या ह्या. लायसन ह्यांचं. मागच्या वेळी कोण आलं होतं ते ह्यांनाच विचारा ना.”

शिट्टीबाईंनी थोरलीकडं बघितलं. हॉलमधल्या बायकांनी माना वळवल्या.

“मीच आले होते,” थोरली म्हणाली.

“तुम्ही?”

“मी. एका घरातल्या बायका. चेहरे सारखे दिसतात.”

एक कपाट, एक काठी. हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं.

“जावा ना तुम्ही?”

“हो.”

“मग चेहरे सारखे कशानं झाले?”

“एका माठातलं पाणी पिऊन.”

हॉल मोकळेपणी हसला. शिट्टीबाई हसल्या नाहीत. “बरं,” त्या म्हणाल्या. “तुमचं शिकून झालेलंच आहे, तर पहिल्या तुम्ही या. पोराच्या घशात काहीतरी अडकलंय. आवाज बंद, ओठ निळे. करा.”

थोरली पुढं झाली. बाह्या वर सारल्या, बाहुलीचे दोन्ही पाय एका मुठीत धरले, उलटी टांगली आणि पाठीत असा दणका हाणला की मागच्या रांगेतली एक बाई “अगं आई गं” म्हणाली. मग बाहुलीच्या तोंडात बोट घालून ते गोल फिरवलं आणि विजयानं वर बघितलं.

शिट्टी वाजली.

“हे मूल गेलं,” शिट्टीबाई म्हणाल्या.

“गेलं? माझ्या हातातलं एक पोर गेलेलं नाही आजवर.”

“ते नशीब. तुमचं आणि पोरांचं. उलटं टांगायचं नाही, मान मोडते. कुणी शिकवलं तुम्हाला हे? मी तर नाही.”

थोरलीचे कान तापले. पुढं धाकटीची पाळी. तिनं बाहुली हातावर पालथी घेतली, एखादं ताट घ्यावं तशी सहज, आणि सगळं नेटकं करून दाखवलं. शिट्टीबाईंनी तिथल्या तिथं तिच्या नावापुढं खूण केली. तिच्या स्वतःच्या नावापुढं, पहिल्यांदाच. धाकटी जागेवर परतताना थोरलीच्या खुर्चीपाशी क्षणभर थांबली आणि काही न बोलता पुढं गेली. बोलली असती तर थोरलीला एवढं लागलं नसतं.

त्या हॉलची एक रीत होती. जिला जमलं तिनं जिला जमलं नाही तिला शिकवायचं आणि जेवणानंतर नापासांनी पुन्हा करून दाखवायचं. शिट्टीबाईंनी जोड्या लावल्या. “तुम्ही दोघी. एका माठातल्या.”

कोपऱ्यात, हात धुवायच्या नळापाशी, दोघी एका बाहुलीवर वाकल्या.

“पालथं घ्या. हातावर. डोकं छातीपेक्षा खाली. जबडा धरा, गळा नको. गळा नको म्हटलं ना!”

“ओरडू नको. बायका बघतायत.”

“बघू दे. आता तळहाताच्या खालच्या गादीनं, खांद्यांच्या मधोमध. पाच वेळा. नाही निघालं तर उताणं करायचं आणि इथं, छातीच्या मधोमध, दाबायचं. तेही पाच वेळा. मग परत पाठ.”

थोरलीनं केलं. हात तिचे पोरांत मुरलेले, दोनदा सांगावं लागलं नाही. धाकटीला ते दिसलं आणि आवडलं नाही.

“आणि बोट?” थोरलीनं विचारलं.

“बोट घालायचं नाही.”

“म्हणजे?”

“तोंडात अडकलेलं डोळ्यांना दिसलं तरच काढायचं. नाही दिसलं तर बोट घालायचं नाही. आंधळेपणानं बोट घातलं की ते आणखी आत जातं.”

थोरली तिच्या तोंडाकडं बघत राहिली. बटण तिनं बोटानं काढलं होतं. पोर मरायला टेकलंय आणि तोंडात बोट घालायचं नाही? हे कुठलं शास्त्र? मग तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. आपण नापास झालो तर लायसन कुणाच्या नावानं होणार? हिच्या. तपासणीस बाईला तो प्रश्न विचारला कुणी होता? हिनं. बाकी सगळं बरोबर सांगायचं, म्हणजे विश्वास बसेल, आणि एकच खिळा ढिला ठेवायचा. ही धाकटीची रीतच. पोटात शिरून नख लावायचं.

“कळलं?” धाकटीनं विचारलं.

“चांगलंच कळलं,” थोरली म्हणाली.

दुसऱ्या कुणाला विचारून खात्री करून घेता आली असती. पण “मीच आले होते” असं सकाळीच भर हॉलमध्ये सांगून बसलेली बाई आता कुणाला विचारणार?

जेवणं झाली. थोरलीचं नाव पुकारलं. तिनं बाहुली पालथी घेतली, डोकं खाली, जबडा नीट धरलेला. पाठीत दणके घातले, मोजून. उताणी केली, छाती दाबली, बाहुलीच्या आतनं टक् टक् असा हवा तसा आवाज आला. शिट्टीबाईंची मान हलली. “अजून निघालं नाही,” त्या म्हणाल्या. “तोंडात बघितलं, काही दिसत नाही. पुढं?”

थोरलीनं वर बघितलं. तिसऱ्या रांगेत धाकटी बसली होती, आणि ती डोळे मोठे करून अगदी हळू मान हलवत होती. नको. नको.

झालं. एवढी मान हलवतीय म्हणजे नक्कीच. थोरलीनं बोट घातलं, पार मुळापर्यंत, आणि चांगलं ढवळलं.

शिट्टी वाजली.

“इतकं सगळं बरोबर केलंत,” शिट्टीबाई म्हणाल्या, “आणि शेवटी स्वतःच्या बोटानं ढकलून दिलंत आत. नापास. मागच्या खेपांना कोण आलं होतं ते मला कळलंय, ते मी वर लिहिणार नाही. पण हे लिहिणार. पुढच्या तुकडीला या. स्वतः.”

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती, तरी दोघी शेजारी बसल्या. वेगळं बसून भांडता येत नाही.

“खरं सांगितलं होतं मी तुम्हाला,” धाकटी म्हणाली.

“ते मला कसं कळणार?”

“मान हलवून हलवून तुटायची वेळ आली माझी! इतकी वर्षं एका घरात राहिलात, एवढं कळू नये?”

“एका घरात राहिले म्हणूनच.”

धाकटी खिडकीबाहेर बघू लागली. तिकडंच तोंड ठेवून म्हणाली, “चुकीचं शिकवायचं माझ्या मनात आलं होतं.”

“बघ!”

“आलं होतं. पण मी तसं केलं असतं तर उद्या तुमच्या हातात एखादं पोर...” ती थोरलीकडं वळली. “तुमच्यासाठी नाही शिकवलं मी. गैरसमज नको.”

“तुझ्याकडनं काही घ्यायचंच नाही मला. गैरसमजसुद्धा नाही.”

लायसन धाकटीच्या नावानं झालं. त्याआधी घरात जे झालं ते शेजारच्यांनी खिडक्या उघडून ऐकलं. थोरली म्हणाली, खोली माझी, लायसन घेऊन रस्त्यावर बस. धाकटी म्हणाली, खोली तुमची, लायसन माझं, लावा कुलूप, मी किल्ली मागायची नाही. सकाळी दारात आया उभ्या राहतील, त्यांना काय ते तुम्ही सांगा. थोरलीनं कुलूप शोधून काढलं, हातात घेतलं, आणि सकाळपर्यंत ते तिच्या हातातच राहिलं. सकाळी पहिली आई आली तेव्हा दार उघडं होतं आणि दारात धाकटी होती.

नियम असा, की नापास बाईनं पास होईपर्यंत पोरांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. थोरली स्वयंपाकघरात बसली. मधे एक भिंत. पलीकडं पोरं धाकटीच्या हातात कमान करून रडायची. एक गप्प झालं की दुसरं. थोरलीनं बाटल्या उकळल्या, गाद्या वाळवल्या, आणि दिवसभर भिंतीवरून ओरडली.

“त्याला उभं धर! उभं धर, पोटात वारा धरलाय त्याच्या!”

“सर्टिफिकेट नसणाऱ्यांनी सूचना देऊ नयेत,” पलीकडनं यायचं.

“घसा सुकेल त्याचा, मेले!”

“सुकू दे. पुढच्या तुकडीपर्यंत सुकेल तेवढा सुकेल.”

एक-दोन आयांनी पोरं दुसरीकडं न्यायचं बोलणं काढलं. धाकटीचे डोळे खोल गेले. पण ती भिंतीच्या अलीकडं कधी बोलवायला आली नाही, आणि थोरलीही गेली नाही. दोघींपैकी एकीनं जरी माघार घेतली असती तरी पोरांचा घसा वाचला असता.

पुढची तुकडी निघाली तेव्हा थोरली एकटी गेली. मधल्या रांगेत, कपाट मावेल अशी केलेली नव्हती त्या खुर्चीत, संध्याकाळपर्यंत बसली. फळ्यावर लिहिलेलं तिला धड वाचता येत नव्हतं, म्हणून शिट्टीबाई बोलायच्या तेव्हा त्यांच्या तोंडाकडं अशी बघायची की त्या दोनदा अडखळल्या. जोडी लावायची वेळ आली तेव्हा ती स्वतःहून उठून त्यांच्यापाशी गेली.

“बोट का घालायचं नाही ते तुम्ही सांगा. जोडीदारणीकडनं नको.”

शिट्टीबाईंनी सांगितलं. नळकांड्यात अडकलेला गोळा बोटानं वर येत नाही, बोट मागनं जात नाही, पुढनंच ढकलतं. धाकटीनं सांगितलं होतं त्यात आणि यात कानामात्रेचा फरक नव्हता.

“म्हणजे मी एका पोराच्या घशातनं बोटानं बटण काढलं ते?”

“वरच होतं म्हणून निघालं. खाली असतं तर तुम्हीच पोचवलं असतं.”

थोरलीनं स्वतःच्या बोटाकडं बघितलं. मग बाहुली उचलली आणि सगळं करून दाखवलं. बोट मुठीत आवळून धरलेलं, जणू ते आपलं आपणच आत शिरेल. शिट्टी वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरातनं निघाली आणि सरळ पोरांच्या खोलीत शिरली. धाकटीच्या खांद्यावर एक पोर लालबुंद होऊन ओरडत होतं. थोरलीनं ते ओढून घेतलं. दोन उचक्या, आणि शांत.

“पास?” धाकटीनं विचारलं.

“तुझ्यावाचून.”

“लायसन माझ्या नावावर आहे. इथं आता तुम्ही मदतनीस.”

“मुदत संपेल की त्याची.”

“संपायच्या आधी मी जाणार. कधी चुकवलाय मी वर्ग?”

“जा. शेजारच्या खुर्चीवर मी असेन. आता मलाही वाट माहीत झालीय.”

कोपऱ्यातल्या गादीवर आणखी एकीनं सूर लावला. धाकटीनं हाताची घडी घातली आणि हनुवटीनं तिकडं खूण केली. “उचला. मी सांगतेय, लायसनवाली.”

“पोर उचलायला मला तुझा हुकूम लागत नाही,” थोरली म्हणाली, आणि दुसऱ्या खांद्यावर तिलाही घेतलं.